टायमिंग बेल्टबद्दल त्याने सांगितलं होतं

माझी गाडी राजनांदगावच्या अलीकडे बंद पडली, त्यात भिलाईजवळच्या हथखोजच्या मेकॅनिकची काहीही चूक नव्हती. हे वाक्य मी तेव्हाच चारचौघांत बोलायला हवं होतं. आता ऐकणारे फार थोडे उरलेत, तरी लिहून ठेवतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भिलाईच्या कारखान्यातल्या आमच्या विभागाच्या साहेबांची चार वर्षं वापरलेली छोटी गाडी मी विकत घेतली. साहेबही विदर्भातलेच. आपला माणूस आपल्याला फसवणार नाही अशी माझी खात्री होती. मीटरवर एकवीस हजार किलोमीटर दिसत होते.

पहिल्या सर्व्हिसिंगलाच मेकॅनिक म्हणाला, "साहेब, टायमिंग बेल्ट बदलून टाका." इंजिनाची आतली हालचाल जुळवून ठेवणारा हा दातेरी रबरी पट्टा. तुटण्याआधी तो आवाजही करत नाही.

"साठ हजाराला बदलतात ना? अजून एकवीसच झालेत."

"मीटरवर नोका जाऊ. क्लचच्या पेडलचं रबर पाहा, पार गुळगुळीत झालं. एकवीस हजारांत असं होते का?"

"दुकानदारी करून राहिला काय रे?" मी हसत म्हणालो.

कारखान्यात मी कन्व्हेअरच्या पट्ट्यांची देखभाल पाहायचो. पट्टा किती तास चालला ते रजिस्टरात लिहिलेलं असे आणि त्यावरूनच तो बदलायचा. लिहिलेल्या आकड्यावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती. पुढच्या सर्व्हिसिंगलाही त्याने तेच सांगितलं. मी पुन्हा नाही म्हटलं.

भाचीच्या लग्नासाठी नागपूरला निघालो आणि वाटेत बेल्ट तुटला. इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले. तिकडे लग्न लागत होतं, तेव्हा आम्ही एका ट्रकच्या मागे दोर बांधून भिलाईकडे परतत होतो.

त्या रविवारी महाराष्ट्र मंडळात साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "गाडी कोणाकडे देता हो?" मी सांगितलं. "मग त्यानं सांगायला नको? असल्या माणसाच्या हाती गाडी देऊच नये."

त्याने दोनदा सांगितलं होतं, पण तसं म्हणालो असतो तर मीच मूर्ख ठरलो असतो. मी मान डोलावली. कारखान्याच्या वसाहतीतल्या, सेक्टर दहामधल्या आमच्या लोकांच्या गाड्या त्याच्याकडे जाणं हळूहळू थांबलं.

काही महिन्यांनी साहेबांकडच्या हळदीकुंकवाहून बायको आली. चपला काढता काढता म्हणाली, "बाई सांगून राहिल्या होत्या, सासू बिमार होती तं तीन वर्षं दर महिन्याले याच गाडीनं अमरावतीले जात होतो."

"दर महिन्याला?"

"हो. अमरावती काय इथं बाजूच्या दुर्गात आहे? तुमचा मीटर झोपला होता वाटते."

तेव्हा कळलं. लांबच्या प्रवासाला साहेब मीटरची केबल काढून ठेवत असणार. ज्यांना मी आपला माणूस समजत होतो, त्यांनी मला फसवलं होतं आणि वर दोष दुसऱ्याच्या माथी मारला होता. रात्रंदिवस तळमळलो, पण बोललो नाही. माझा गोपनीय अहवाल साहेबच लिहीत आणि माझी बढती तोंडावर आली होती.

साहेब बदलून गेले, त्यानंतर मी हथखोजला गेलो. मेकॅनिकचं गॅरेज बंद झालं होतं. जवळच्याच एका छोट्या कारखान्यात तो फिटर म्हणून लागला होता. मी गेटपाशी उभं राहून त्याला सगळं सांगितलं.

तो हात पुसत ऐकत राहिला. मग म्हणाला, "तुमाले साहेबानं फसवलं. मले तुमी कावून फसवलं?"

मी बढतीचं सांगितलं.

"झाली का मंग?"

"झाली."

"बरं झालं," तो म्हणाला आणि आत कामावर गेला.