वहिनीच्या वजनाचं पोतं

माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, रोज पहाटे ज्वारीचं पोतं छातीशी धरून उचलायचा, घरभर फिरवायचा आणि बाजूच्या खाटेवर अलगद ठेवायचा. पंचाहत्तरीच्या माणसानं हे करावं याचं गावाला भारी कौतुक होतं. पोत्यात ज्वारी किती भरायची हे वहिनीच्या वजनावर ठरतं, हे फक्त घरात माहीत होतं.

अंगाची एक बाजू गेल्यापासून वहिनी खाटेवर होती. पोरं पुण्याला, हैदराबादला. तिला न्हाणीत न्यायचं, उन्हात बसवायचं, परत आणायचं, सगळं अण्णाच्या हातावर. दुसऱ्या कुणाचा हात तिला चालत नव्हता. "मी पडलो की ही पडली," एवढंच अण्णा म्हणायचा आणि पोत्याकडे वळायचा.

व्यायाम त्याचा जन्माचा. गावच्या तालमीत आमच्या लोकांचा घाम चालत नव्हता, म्हणून बापानं विहाराच्या मागं तांबडी माती टाकून वेगळी तालीम केली. अण्णा त्या मातीत राहिला, मी पुस्तकांत. माझे गुडघे आज जिना बघूनच दुखतात. अण्णा कुणाला दाखवायला व्यायाम करत नव्हता. उचलायला बायको होती.

दोनेक वर्षांपूर्वी हुमनाबादला ज्येष्ठांचा आरोग्य मेळावा भरला. 'चिरतरुण आजोबा' म्हणून अण्णाचा सत्कार होता. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि उशिराबद्दलची दिलगिरीही त्यांनी सावकाश व्यक्त केली. मग एका डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, की पेशीतल्या धाग्यांच्या टोकांना बुटाच्या नाडीला असतं तसं टोपण असतं. पेशी दुभंगते तसतसं ते झिजत जातं. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्यांत ही झीज हळू होत असावी, असं दिसतं. शिवाय काही म्हाताऱ्या पेशी मरत नाहीत, कामही करत नाहीत, नुसत्या शेजारच्या पेशींना बिघडवत बसतात. मला आमच्या कॉलेजातले काही निवृत्त सहकारी आठवले.

डॉक्टर प्रामाणिक होते. 'असावी', 'दिसतं' यापुढे गेले नाहीत. सूत्रसंचालकाला ते मानवलं नाही. व्यायाम करणाऱ्याला म्हातारपण येतच नाही, असं त्यानं माईकवरून जाहीर करून टाकलं. माझ्या मनात वेगळंच होतं. व्यायामानं पेशी टिकतात, की मुळात टिकाऊ पेशी लाभलेल्यालाच या वयापर्यंत व्यायाम जमतो? मी विचारणार, तोच अण्णा उभा राहिला.

"डॉक्टरसाब, एकाचा व्यायाम दुसऱ्याला लागतो का?"

सगळं सभागृह हसलं. डॉक्टरही हसले. "अण्णा, ज्याचा त्यानंच करायचा असतो."

अण्णा परत बसला नाही. "चल रे," मला म्हणाला. "तिची न्हाणीची येळ झाली."

सूत्रसंचालक मागं धावला. "अण्णा, शाल राहिली की!"

"खुर्चीला घाला. पावण्याची वाट बघत तिनंच लई कळ काढलीय."

घरी पोचलो तर वहिनी ओल्यात पडलेली. शेजारीण येऊन गेली होती, पण वहिनीनं तिला हात लावू दिला नव्हता. तोंड एका बाजूला वाकलेलं, टोमणा मात्र सरळ निघाला. "आलाव का मिरवून?"

"न्हाई. मधूनच उठलो."

"कामून? शाल तरी आणायची. अंगाखाली घातली असती."

अण्णानं तिला उचललं. डॉक्टरांचं उत्तर माझ्या डोक्यातून जाईना. वहिनीनं जन्मभर वाकून खुरपलं, पाणी वाहिलं, कडबा वाहिला. त्याला व्यायाम म्हणत नाहीत. जे नाही केलं तरी घरची चूल पेटते, त्याला व्यायाम म्हणतात. तिच्या झिजेचं चित्र पडद्यावर नव्हतं.

पुढं तिचं वजन उतरू लागलं. दवाखान्यातल्या काट्यावर तिला तोलून आणलं, की अण्णा पोत्यातली तेवढी ज्वारी काढायचा. ती दळून यायची आणि तिच्याच भाकरी व्हायच्या. मीही त्या खाल्ल्या. वहिनीतून जे कमी होतंय ते आपण ताटात घेतोय, हे एकदा जेवता जेवता लक्षात आलं. अण्णाला सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यानं ज्वारी काढायचं बंद केलं. "आता उतरायचं थांबलंय," म्हणाला. थांबलं नव्हतं. वहिनीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"अण्णा, पोतं जड हाय," मी म्हणालो.

"असू दे. ताकद ऱ्हाती."

उन्हाळा लागताना एका सकाळी वहिनी गेली. भंतेजी आले, त्रिशरण झालं. तिरडीवर ठेवायला गल्लीतले चौघे पुढं झाले. "अण्णा, सरका तुमी. आमी हाव की."

अण्णा सरकला नाही. खाली वाकला, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली घातला, आणि रोज पोत्याला लावायचा तेवढा जोर लावला. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तशी वहिनी झटक्यात वर आली. अण्णाचा तोल गेला, पाठ भिंतीवर आपटली. तिला त्यानं सोडलं नाही.

"किती केलं तरी म्हातारपण हाय," मागून कुणी तरी म्हणालं. मी वळून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर अण्णा पोत्याला टेकून जमिनीवर बसला होता. तोंड खाटेकडं. आदल्या संध्याकाळी गावातला डॉक्टर त्याला तपासून गेला होता.

"भिंतीचं लागलं का लई?" मी विचारलं.

त्यानं हात मागं नेऊन पाठ चाचपली. "न्हाई की. कायच दुखंना झालंय बघ," म्हणाला. "आन् डॉक्टर म्हणतोय, अजून लई वर्सं जगताव तुमी."