एका हाताची दाढी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका खुर्चीचं सलून आहे. तिथे दाढी एकाच हाताची होते. म्हणजे वस्तरा वरून खाली एकदा फिरतो आणि काम संपतं. मग पुन्हा फेस लावून खालून वर जो उलटा हात मारतात, ज्यानं गाल अगदी गुळगुळीत होतो, तो इथे मिळत नाही. नवं गिऱ्हाईक गालावर बोट फिरवतं, कुरकुरतं आणि पुढच्या वेळी बाजारात जातं. जुनी गिऱ्हाइकं तशीही फारशी उरलेली नाहीत.

सलूनवाला माझा विद्यार्थी. गणितात यथातथाच, पण सगळ्या वर्गाच्या पेन्सिलींना टोक काढून देण्याचं काम त्यानं आपण होऊन घेतलं होतं. चार वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ शाळेत आला. त्याचं अक्षर मीच वळवलं. इतकं सुरेख अक्षर माझ्या हाताखालून दुसरं गेलं नाही. वडील अचानक गेले तेव्हा थोरल्यानं शाळा सोडून त्यांची खुर्ची सांभाळली आणि धाकट्याला पदवीपर्यंत शिकवलं. स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं.

जिहादचं नाव घेऊन बंदूकवाले आले, ते एकदम आले नाहीत. आधी तिघे आले, बोलायला मऊ. बंद पडलेला पाण्याचा पंप त्यांनी दुरुस्त केला, वर्षानुवर्षं रखडलेली दोन भांडणं तासाभरात मिटवली. लोकांना बरं वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू. धाकटा पदवी घेऊन तीन वर्षं घरी बसला होता. त्यांनी त्याला टेबल दिलं आणि लिहिण्याचं काम दिलं. सहा महिन्यांत चौकात त्यांचा झेंडा लागला, आणि एका सकाळी सलूनच्या दारावर कागद दिसला. यापुढे कोणाचीही दाढी केल्यास चाळीस फटके. अक्षर ओळखून मी जागीच थांबलो. थोरला शेजारीच उभा होता.

"समाससुद्धा सोडलाय, सर," तो म्हणाला.

पुढे त्याच अक्षरात चौकशीला बोलावलेल्यांच्या नावांच्या याद्या लागल्या. त्यांतली तीन माणसं परत आली नाहीत. एक आमच्या शाळेचा शिपाई होता.

दोन वर्षं थोरला नुसते केस कापत राहिला. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि दवाखाना तर बंदच. ती माणसं हातानं ओळखायची. धाकटा एकदा घरी आला तेव्हा तिनं त्याच्या गालाला हात लावला, दाढी चाचपली आणि विचारलं, "हे कोण आलंय?" तिला पक्कं माहीत होतं. तो उंबऱ्यावरूनच परत गेला.

मग सैन्य आलं. अकरा दिवस विमानं आणि तोफा. संघटनेची निम्मी माणसं मेली, उरलेली डोंगरात पांगली. बाराव्या दिवशी सलूनपुढे रांग लागली. आठवडाभरात थोरल्यानं अख्ख्या वस्तीच्या दाढ्या उतरवल्या. सगळ्यांची कपाळं काळी आणि जबडे पांढरेफटक. अर्धवट भाजलेले दिसताय, म्हणून लोक एकमेकांना हसत होते. कितीतरी दिवसांनी हसणं ऐकू आलं होतं. महिन्या-दीड महिन्यात उन्हानं सगळे चेहरे एकरंगी केले. सैन्यानं बसवलेल्या नाक्यांवरचे शिपाईही हा फरक ओळखायला शिकले. आता ज्याचा जबडा पांढरा, तो कालपर्यंत लपलेला होता.

सरकारनं मुदत दिली होती. महिनाअखेरपर्यंत जो आपण होऊन कचेरीत हजर होईल त्याला शिक्षा कमी. मुदत संपायला दोन दिवस असताना, भर दुपारी, अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून धाकटा आत आला. वाळून काटकी झालेला.

"दादा, उद्या सकाळी हजर होतो," तो म्हणाला. "त्याआधी आईला भेटायचंय. तिच्या हाताला एक केस लागता कामा नये."

थोरल्यानं टॉवेल बांधला. आधी कात्री, मग फेस, मग सुलटा हात, पुन्हा फेस, मग उलटा हात. वडिलांनी शिकवलं होतं तसं. दोघांत एक शब्द झाला नाही. संध्याकाळी आईनं धाकट्याचे दोन्ही गाल हातांत धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

घरापासून कचेरी तीनशे पावलांवर, मध्ये एक नाका. सकाळी धाकटा एकटाच निघाला, कारण हजर होणाऱ्यानं एकट्यानं यावं असा नियम होता. नाक्यावरच्या शिपायानं त्याच्या जबड्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला जमिनीवर पालथं पाडलं. हजर झाला अशी नोंद झालीच नाही. वेष बदलून पळताना सापडला, अशी झाली.

थोरला कचेरीत गेला आणि अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं की शरण येणारा माणूस आदल्या दिवशी दाढी कशाला करतो. आईसाठी, असं यानं सांगितलं. ते खरं होतं, पण त्या खोलीत ते खरं वाटत नव्हतं.

"तुमचंच काम ना?" अधिकारी म्हणाला. "छान झालीय."

पाच वर्षांच्या जागी सतरा वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी आई गेली. ज्यांची माणसं यादीमुळे गेली ते सलूनची पायरी चढत नाहीत. ज्यांची मुलं तुरुंगात आहेत ते म्हणतात, यानंच भावाला पांढरा करून नाक्यावर पाठवला. आमच्या शाळेच्या त्या शिपायाची बायको समोरच राहते. हा दिसला की ती खिडकी लावून घेते. त्याचं त्याला काही वाटत नाही असं नाही. पण तो म्हणतो, तिचा हक्क आहे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सलून बंद असतं. थोरला चार तास बसमधून तुरुंगात जातो, नाव सांगतो, बाकावर बसतो. नऊ वर्षं धाकटा भेटीला बाहेरच आला नाही. हा तसाच परत यायचा आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडायचा.

गेल्या वर्षी धाकटा आला. जाळीपलीकडे बसला. आईचं काही विचारलं नाही.

"दादा, तुला तेव्हा आरशात दिसलं होतं ना? जबडा?"

"दिसलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

थोरल्यानं नऊ वर्षं उत्तरं जुळवली होती. हात आपोआप चालला, तीनशेच तर पावलं होती, आई वाट बघत होती. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"बरा दिसत होतास," तो म्हणाला.

घंटा झाली तेव्हा धाकटा उठला आणि गालावरची जखम दाखवून म्हणाला, "इथला दाढी करणारा सोलून काढतो." एवढंच. हे मला सांगताना थोरला वस्तरा पुसत होता, आणि पुसून झाल्यावरही पुसत होता.

तेव्हापासून धाकटा कधी येतो, कधी येत नाही. थोरला मात्र दर महिन्याला जातो. मी एकदा विचारलं, आता तरी मला उलटा हात मारशील का. त्यानं टॉवेल झटकला, माझ्या खांद्यावरचे केस उडवले.

"तो सुटला की," म्हणाला. "पहिला त्याला."

अजून सात वर्षं आहेत. मी खुर्चीवरून उतरलो आणि त्यानं रिकामी खुर्ची रस्त्याकडे वळवून ठेवली.