पडलेली मांदेली

पनवेलच्या एसटी स्टँडवर आम्ही सगळ्या बायका वेळेवर पोहोचलो. उशीर केला तो उरणच्या बसने. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) महिला मंडळाची सहल यंदा उरणजवळच्या करंज्याला निघाली होती. सहलीत जेवण झाल्यावर एकीने शास्त्रातला एखादा भाग सर्वांना समजावून सांगायचा, ही आमची रीत. नाव चिठ्ठी टाकून काढतात. यंदा माझं निघालं. चारचौघींत पाणी मागायलाही माझी जीभ उचलत नाही. महिनाभर पोळ्या लाटता लाटता मी तेच पुटपुटत होते.

बसमध्ये लीनाअक्का माझ्या शेजारी बसल्या. त्या मंडळाच्या अध्यक्ष. आवाज खणखणीत, मांडीवर मोठा डबा. करंज्याला जायचं म्हणून त्यांनी करंज्या केल्या होत्या आणि हा विनोद त्यांनी कंडक्टरलाही ऐकवला. बाहेर कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, तिच्यापलीकडे मिठागरं, मिठागरांत बगळे. मला यातलं काही नीट दिसत नव्हतं. मनात आपलं पाठांतर चाललेलं.

उरणहून रिक्षाने गेलो. करंजा आधी नाकाला कळलं, मग डोळ्यांना. डोंगराच्या पायथ्याशी धक्का, रंगीत झेंड्यांच्या होड्या, आणि दोरीवर कपडे घालावेत तसे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. लिलाव इतक्या घाईत चालला होता की कोण काय बोललं आणि मासळी कुणाची झाली, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

लीनाअक्कांनी सगळ्यांसाठी मिळून मांदेली घेतली. घासाघीस करून भाव पाडला म्हणून त्या खुशीत होत्या. दहा पावलं गेलो नाही तोच पिशवी खालून फाटली आणि धक्क्यावर सोन्याचे तुकडे सांडावेत तशी मांदेली पसरली. आम्ही ओरडेपर्यंत मागून एक म्हातारी कोळीण आली, उकिडवी बसली आणि वेचून वेचून आपल्या टोपलीत टाकू लागली.

अक्कांनी तिचं मनगट धरलं. पैसे मोजलेत आम्ही, म्हणाल्या. म्हातारीने मूठ सोडली नाही.

"धक्क्यावर पडलेलं म्हावरं (मासळी) उचलनारीचं असतं, बाय. आमच्यात असंच हाय."

"तुमच्यात असेल. आमच्यात याला चोरी म्हणतात."

माणसं वळून बघू लागली. म्हातारीची मान खाली गेली. मला दुपारी जो भाग सांगायचा होता, तो नेमका हाच होता. आत्ता गप्प बसले, तर दुपारी कोणत्या तोंडाने उभी राहणार?

"अक्का," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी काय म्हणून विचारलं. "हात सोडा त्यांचा. पडलेलं उचलायला मागे फिरू नका, असं शास्त्रात आहे. ते गरिबाचं, विधवेचं, परक्याचं."

"अगं, ते शेतातल्या कणसांचं. मासळीचं कुठे लिहिलंय?"

म्हातारीने मान वर केली. "तुमचे पोथीन पन असंच हाय?"

"आहे," मी म्हटलं.

"मंग वाचता कशाला, करायचं नाय तं?"

आमच्याच बायका आधी हसल्या. अक्कांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मनगट सोडलं आणि गुडघे धरत खाली बसून पायाजवळची मांदेली उचलून म्हातारीच्या टोपलीत टाकू लागल्या. वर दोन करंज्याही दिल्या. म्हातारी म्हणाली, "करंज्यात येऊन मलाच करंजी चारता?"

दुपारी झाडाखाली जेवलो आणि माझी पाळी आली. पाठ केलेलं सगळं उडून गेलं होतं. मग जे आठवलं ते सांगितलं. परदेशातून आलेली एक विधवा होती. कापणी करणाऱ्यांच्या मागून ती पडलेली कणसं वेचायची. शेताचा मालक गड्यांना म्हणाला, तिच्यासाठी मुद्दाम थोडी पाडा. पडलेलं तिचं, हा न्याय. मुद्दाम पाडणं, ही दया. आणि एवढं पाडूनही आपल्या घरी कमी पडणार नाही, हा विश्वास. एवढं बोलून मी मटकन खाली बसले.

"म्हणजे माझी पिशवी देवानेच फाडली म्हणायची," अक्का म्हणाल्या.

परतीच्या बसमधून पनवेलला उतरताना अक्कांनी माझा हात धरला, सकाळी म्हातारीचा धरला होता तसा नाही. म्हणाल्या, पुढच्या वर्षी चिठ्ठी नको, तूच बोल. मी म्हटलं, चिठ्ठीच बरी.

रिक्षाने कामोठ्याला घरी येताना वाटलं, शास्त्र मी रोज वाचते ते चष्मा पुसून, खाली बसून. ते असं धक्क्यावर अचानक पायात येईल, असं कधी वाटलं नव्हतं. मला शेत नाही, गरिबांसाठी न कापता सोडावा असा त्याचा कोपरा नाही. तरी पाडण्याजोगं काहीतरी माझ्याकडेही असेलच, ते शोधायला हवं.

फाटक्या पिशवीत अडकून राहिलेल्या मांदेलीतला माझा वाटा रात्री तव्यावर टाकला. आमच्या ह्यांनी डोकावून विचारलं, "करंज्याला जाऊन एवढीच?"

"बाकीची शेतात राहिली," मी म्हटलं.