सुभद्राबाईंचा साठावा पेशंट

सुभद्राबाई भोयर आणि हे लिहिणारा यांची ओळख प्रौढ साक्षरता वर्गात, एकाच सतरंजीवर झाली. बाकी सर्वांना सही शिकायची होती. सुभद्राबाईंना आधी घड्याळ शिकायचे होते, आणि त्यांना घाई होती.

त्याचे कारण असे. त्या इतवारीतील एका लहान दवाखान्यात आयाबाई होत्या. गळू फोडणे, निखळलेला खांदा बसवणे अशा दहा मिनिटांच्या कामासाठी तेथे शिरेतून भुलीचे औषध देत. भूल देणाऱ्या डॉक्टर मिनल मॅडम दोन औषधांची तुलना करीत होत्या. एक दुधासारखे पांढरे, दुसरे पाण्यासारखे. पेशंट साठ, चिठ्ठीत निघेल ते औषध. कोणत्या औषधाने माणूस लवकर शुद्धीवर येतो हे पाहायचे होते, म्हणून वेळ लिहिणाऱ्याला औषध कळता कामा नये. हे काम सुभद्राबाईंनी मागून घेतले आणि मग त्या वर्गात आल्या. औषध देऊन, काम उरकून पेशंट बाहेर आणेपर्यंत त्या दाराबाहेर स्टुलावर, भिंतीकडे तोंड करून बसत.

पेशंटने डोळे उघडले एवढ्याने त्यांचे समाधान होत नसे. त्या विचारीत, "इथून गांधीबागेत कसं जायचं, गा?" रस्ता बरोबर सांगितला तरच वेळ लिहायची. हिंगण्याचा कामगार चंद्रभान म्हणाला, "कंपनीची बस उडून राहिली वं मावशी, तू बी बस." त्याला त्यांनी आणखी अकरा मिनिटे थांबवले. भांड्यांचे व्यापारी धोंडबा मात्र डोळे उघडताच रस्ता बरोबर सांगून म्हणाले, "आता सांग, घ्यायचं काय हाय?" हा माणूस दुकानात पोहोचलासुद्धा, असे म्हणून त्यांनी वेळ लिहिली.

एकोणसाठ नोंदी त्यांच्या अक्षरात झाल्या. साठावा पेशंट बाहेर आणताना आनंदाच्या भरात मॅडम बोलून गेल्या, "मावशी, शेवटच्याला दूधवालं निघालं."

सुभद्राबाईंनी पेनाला टोपण लावले. "हा नाही चालत, मॅडम. मले समजलं."

"अहो, तुम्ही काय खोटं लिहिणार आहात?"

"खोटं नाही. पण दूधवालं जिंकावं असं तुमच्या मनात हाय. आता माझ्याही मनात आलं. हा उठायच्या आधीच मले उठलेला दिसून राहिला. एक अशी लिहिली तं बाकीच्या एकोणसाठवर कोण भरोसा ठेवीन?"

मॅडम हसल्या. त्यांनी स्वतःचे कान धरले आणि ती नोंद कारण लिहून रद्द केली.

सोमवारी नवा साठावा पेशंट आला. सुभद्राबाई प्रसन्न मुद्रेने स्टुलावर जाऊन बसल्या आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "मॅडम, दार लावून घ्या. अन् बाहेर आल्यावर मले फक्त पेशंटचं नाव सांगा."