अकरा गैरहजर

‘‘आडनाव ऐकलं तेव्हाच कळलं मला,’’ साहेब मला म्हणाले. ‘‘तुमच्या लोकांचा आवाज जन्मापासूनच मोर्च्याचा. ही सुनावणी आहे. इथं नाव हळू घ्यायचं.’’

बाबूजी, म्हणजे तिथले जुने कारकून, मान खाली घालून हसले. मीही हसले. हे आधीच सांगून टाकते. मीही हसले.

मी भंडाऱ्याला लोकप्रशासनात एम.ए. करत होते. शेवटच्या सत्रात महिनाभर सरकारी कार्यालयात काम करायचं, साहेबांच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं, मग पदवी. मला आमच्याच तालुक्याचं कार्यालय मिळालं. साहेबांच्या खुर्चीवर पांढरा टॉवेल होता. तो बदलण्याचा वार ठरलेला होता. बाकी कशाचाच ठरलेला नव्हता.

त्या दिवशी निराधार बायांची सुनावणी होती. ज्यांचं अनुदान बंद पडलं, त्यांनी स्वतः येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. दुपारी कार्यालयाला बक्षिसाची ढाल मिळायची होती, एकही प्रकरण प्रलंबित नाही म्हणून. चपराशी शाल-श्रीफळ आणायला गेलेला. म्हणून पुकारा करायचं काम माझ्याकडे आलं.

पुकाऱ्याची रीत अशी. दार बंद. कूलर सुरू. खुर्चीतून न उठता नाव एकदा घ्यायचं. कूलरच्या आवाजात ते माझ्या टेबलापलीकडेही जात नव्हतं. मग नावापुढे लिहायचं, ‘गैरहजर, प्रकरण बंद’. बाया सकाळपासून दाराबाहेर व्हरांड्यात बसलेल्या.

पहिल्याच नावाला मी म्हणाले, ‘‘सर, बाहेर ऐकू जात नाही.’’

‘‘ऐकू जावं म्हणून दार लावतात का?’’

बाबूजींनी समजावलं. ‘‘हे पाय बाई, हजर झाली का कागद पाहा लागते. गैरहजरले काहीच लागत नाही. प्रशासन शिकून राहिली न तू? मंग शीक.’’

शिकले. समोरच्याचं ऐकल्याशिवाय निर्णय देऊ नये, या तत्त्वावर मी परीक्षेत पाच पानं लिहिली होती. इथं अर्ध्या तासात अकरा बाया बंद केल्या. माझं अक्षर चांगलं आहे. साहेब तसं म्हणालेही. मला बरं वाटलं.

बारावं नाव मोठ्या मायचं निघालं. माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा गेले तेव्हापासून एकटी. गुडघे गेल्यावर धानाच्या रोवणीला जाणंही सुटलं. ती आली आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी खिडकीतून पाहिलं. फरशीवर बसलेली. शेजारणीला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. हसत होती.

‘‘सर, ही बाहेर आहे. मी ओळखते.’’

‘‘तू ओळखतेस, याला पुरावा म्हणत नाहीत. नाव घे. हळू.’’

मी उठले. दार उघडलं. आणि शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारतात तसं नाव घेतलं.

मोठी माय भिंतीला धरून आली. ‘‘मले दिसली तू आत,’’ म्हणाली. ‘‘म्या या बायाईलेबी सांगतलं, आपली पोरगी हाय आत, बलावल बराबर. कायले गर्दी करता? गपचूप बसा.’’

तिनं त्या अकराजणींना गप्प बसवलं होतं. माझ्या भरवशावर.

मी आत येऊन यादी उचलली आणि पहिल्यापासून पुन्हा पुकारू लागले. साहेबांनी यादी हातातून ओढली. मोठ्या मायकडे पाहिलं. ‘‘ही हजर. झालं ना तुझं? बस आता.’’

‘‘आणि त्या अकरा?’’

‘‘बंद म्हणजे बंद. शेरा तुझ्याच हातचा आहे.’’

मी पेन टेबलावर ठेवलं. ‘‘हे काम मी करणार नाही.’’

‘‘मग निघ,’’ साहेब म्हणाले. माझ्या प्रमाणपत्राच्या कागदावर त्यांनी लिहिलं, ‘वर्तन असमाधानकारक’. दुपारी ढाल आली. टाळ्या आम्ही फाटकाबाहेरून ऐकल्या.

परतीच्या एसटीत त्या अकरांतल्या चौघी होत्या. एकीनं विचारलं, ‘‘काहून वो, तुही मोठी माय तेवढी जित्ती, अन् आमी मेलो का?’’

मोठी माय खिडकीबाहेर पाहत राहिली.

कॉलेजातले मार्गदर्शक सर म्हणाले, ‘‘जाऊन माफी माग. एक सही तर आहे. त्यात स्वाभिमान कशाला आणतेस?’’ सर मुळात वाईट नाहीत. त्यांच्याकडे अशा सह्यांची फाईल आहे.

माफी मागायची आहेच. पण ती साहेबांची नाही. त्या अकराहीजणींच्या घरी जाऊन आले. सातजणींनी तक्रारीवर अंगठे दिले. तिघींनी दार लावून घेतलं. एक म्हणाली, ‘‘तूच लिवलं, तूच पुस.’’

पदवी यंदा नाही. अधिकारी होऊन गावात फलक लावून घ्यायचा होता, तोही नाही. जिल्ह्याला तक्रार दिली आहे. अकरा नावं, तारीख, वेळ, सगळं. कोणी केलं, या रकान्यात दोन नावं आहेत. पहिलं माझं. पुसायला सांगितलं तरी पुसणार नाही. दुसरं साहेबांचं. तेही नाही.