पडदे ओढणारा मालक

कूलरला खसच्या नव्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं आणि तो ओला वास घरभर पसरला की मला बी.ए.चा एप्रिल आठवतो. अभ्यासाला एक जुनी इंग्रजी भयकादंबरी होती: थंड देशातली गढी, तिचा एकटा मालक आणि त्याच्याकडे उतरलेला तरुण पाहुणा. घामानं पानं बोटांना चिकटत होती आणि मी थंडीनं शहारावं अशी लेखकाची अपेक्षा होती. मालक दिवसभर जाड पडदे ओढून झोपायचा आणि दिवेलागणीलाच बाहेर यायचा. एवढ्यावरच पाहुणा अर्धमेला झालेला. मला काही कळेना. खिडकीवर ओली चादर टाकणाऱ्या आईला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मंग त्यात भेव कायचं वं? शहाणा मानूस हाय. दुपारचं कोन निघते बाहेर?" मला पटलं. वर्गात मॅडमनी विचारलं, मालकाचा संशय पहिल्यांदा कुठे येतो? मी उभी राहिले. "येतच नाही, मॅडम. नागपूरचाच वाटतो." सगळे खदखदून हसले. मॅडम मात्र वर्गाच्या बंद खिडक्यांकडे बघत राहिल्या. पुढच्याच प्रकरणात तो माणसांचं रक्त पिणारा निघाला. आईला सांगितलं तर म्हणाली, "वागनं तं चांगलं होतं त्याचं." आता माझ्या स्वतःच्या घरात मी सकाळी दहालाच पडदे ओढते, खोलीत अंधार होतो, आणि क्षणभर कळत नाही की इथे मी पाहुणी आहे की मालकीण.