सौंदडवाल्याची दहावी

बाकीच्या मास्तरांकडे निकाल जमतात, माझ्याकडे किस्से. गोंदियात केस चालू असलेल्या पोरांना जिथं ठेवतात, त्या निरीक्षणगृहात मी शिकवतो. कुणाचं नाव बाहेर सांगायचं नसतं, म्हणून घरी बोलताना मी पोरांना त्यांच्या गावानंच ओळखतो. त्यातला सौंदडवाला बाहेरून दहावीला बसला होता. त्याला आयटीआय करून वायरमन व्हायचं होतं. आमच्याकडून एक तरी पोरगा दहावी पास व्हावा, असं मलाही फार वाटायचं.

*

भूमिती काढली तर गेटवरच्या शिपायानं कंपासपेटीच अडवली. "सरजी, नोक है उसमें." झालं! मग जेवणाची ताटं उपडी घालून वर्तुळं काढली, सगळ्यांची एकाच मापाची. सौंदडवाला वह्या बघत म्हणाला, "सर, आमची त्रिज्या सरकारनंच ठरवून देल्ली."

सगळे हसले. मीही हसलो, करतो काय.

*

एका राइस मिलवाल्या शेठनं दप्तरं वाटली. पोरांची झोपायची खोली आणि वर्ग यांच्यात एक भिंत. तरी नागऱ्याचा लहानगा दप्तर पाठीवर टाकून अंगणात चकरा मारत होता.

"काऊन रे, काय करून राहिला?"

"शाळेत जाऊन राहिलो सर."

"मग ये न आत."

"थांबा न सर, शाळा दूर आहे."

*

नवीन पोरगा आला की मी पहिल्या धड्यापासून सुरू करतो, तोवर जुना सुटून जातो. कामठ्याचा असाच जामिनावर गेला आणि धानकापणीच्या सुमाराला परत आला. बसल्या बसल्या विचारतो, "कोणता धडा चालू आहे सर?"

"पहिला."

"बरं झालं. मागं नाही पडलो."

त्या दिवशी मला डबा गेला नाही. आपण इथं नेमकं काय करतोय, हेच कळेना.

*

परीक्षा तोंडावर आली आणि सौंदडवाल्याला जामीन मिळाला. पोरगा बाल न्याय मंडळासमोर हात जोडून म्हणाला, "मॅडम, पेपर होऊन जाऊ द्या न. मंग सोडा."

मॅडम म्हणाल्या, "बाळा, जामीन झाल्यावर तुला ठेवता येत नाही रे." त्यांनाही वाईट वाटलं असावं.

न्यायला त्याचा मामा आला होता. साधा, भला माणूस. मी त्याला सेंटर, तारीख, वेळ सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं. तो मान हलवत "हो जी, हो जी" म्हणत राहिला. पोरगा मात्र माझ्याकडेच बघत होता.

पहिल्या पेपरला मी सेंटरच्या फाटकाशी उभा राहिलो. घंटा झाली, फाटक लागलं, हा काही आला नाही. मामाला फोन लावला.

"त्याले रायपूरले कामावर लावून देल्लं जी."

"अहो, आज पेपर होता त्याचा!"

मामा मलाच समजावत म्हणाला, "सर, पोट्टा सुटला न आता. मंग पेपर कायले?"